वाळ्याचा जिवंत बांध : उतारावरची माती शेतातच राहावी म्हणून

मृगाची पहिली मोठी सर पडून गेली की आपल्या उताराच्या शेताखालच्या ओढ्यावर जाऊन उभं राहावं. चहाच्या रंगाचं जे पाणी वाहत असतं, त्यात आपलं शेत असतं. एक साधा हिशेब मांडून बघा. एकरभर रानावरची एक मिलिमीटर माती गेली, तर ती भरते चार घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास. वजन पाच टनांच्या आसपास. एक मिलिमीटर गेलेला डोळ्यांना दिसत नाही. पण दीड ब्रास गाळमाती विकत आणून शेतात टाकायची म्हटलं की ती केवढी होते ते कळतं. आणि जाते ती वरची माती. शेणखत, कुजलेला पाला आणि टाकलेलं खत ज्या थरात असतं, नेमका तोच थर.

आमचं रान सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतारावर आहे. वर मुरमाड वरकस, खाली थोडी बरी जमीन. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्यभर ताली घातल्या आणि आयुष्यभर फुटलेल्या ताली सांधल्या. मातीचा बांध पाणी अडवतो, हीच त्याची ताकद आणि हीच त्याची अडचण. बांधामागे पाणी साठत जातं, कुठेतरी खेकड्याचं, उंदराचं बीळ असतं, कुठे बांध चार बोटं खचलेला असतो. तिथून पाणी एकदा निघालं की बांधभर साठलेलं सगळं पाणी त्या एका भोकातून धावतं आणि खालच्या रानात ओघळ पाडतं. खोल काळ्या जमिनीत तर उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडतात आणि पावसाळ्यात बांधामागचं पीक पाण्यात उभं राहून पिवळं पडतं.

गवताचा बांध वेगळ्या तऱ्हेने काम करतो. धावतं पाणी चालतं करायचं, चालतं पाणी थांबतं करायचं, थांबलेलं मुरवायचं, हे पाणलोटाच्या कामात सगळ्यांच्या तोंडी असतं. गवताची दाट ओळ त्यातलं पहिलं काम करते आणि मातीसाठी तेवढं पुरतं. पाणी ओळीवर येतं, ताटांच्या गर्दीत त्याचा वेग मोडतो, ते ओळीच्या लांबीवर दोन्हीकडे पसरतं, आणि वेग मोडलेलं पाणी माती उचलून नेऊ शकत नाही. माती ओळीच्या वरच्या अंगाला बसते, पाणी ताटांमधून झिरपत पुढे जातं. दरवर्षी थोडा थोडा गाळ साठून ओळीमागे आपोआप पायरी तयार होते. गवत त्या गाळातून वर येत राहतं, त्यामुळे पायरीबरोबर बांधही उंच होतो. बांध घालायला, उंच करायला पुन्हा माती ओढावी लागत नाही.

या कामाला सगळ्यांत चांगलं गवत म्हणजे वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतो, ज्याच्या ताट्या खिडकीला लावून पाणी मारतो, तोच. ज्या मुळांच्या वासासाठी आपण त्याला ओळखतो, तीच मुळं मातीला धरतात. ती आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटर आणि त्याहून खोल. खडक आला की अर्थातच तिथे थांबतात. ताटं कडक, एकमेकांना खेटून उभी असतात आणि लोंढ्यात हरळीसारखी आडवी होत नाहीत.

ही युक्ती कुणा प्रयोगशाळेत निघालेली नाही. कर्नाटकातल्या गुंडलुपेट भागातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. मृदसंधारणाचे जाणकार जॉन ग्रीनफील्ड यांनी 1950च्या दशकात फिजी बेटांवर उसाच्या उताराच्या शेतांत वाळ्याच्या ओळी लावल्या होत्या. पुढे 1980च्या दशकात ते आणि रिचर्ड ग्रिमशॉ जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात होते, तेव्हा त्यांनी ही पद्धत नेटाने मांडली आणि तिथून ती उष्ण कटिबंधातल्या अनेक देशांत गेली. थायलंडमध्ये राजे भूमिबोल यांनी 1991पासून तिचा पुरस्कार केला. आपल्या मातीतलं गवत जगभर फिरून आलं, पण आपल्याकडच्या वरकस उतारांवर ते अजून क्वचितच दिसतं. मला याची मनापासून खंत वाटते, आणि म्हणूनच आमच्या रानात आम्ही हे कसं केलं, ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी पावसात रान बघा

लावायच्या आदल्या पावसाळ्यात एकदा तरी भर पावसात छत्री घेऊन शेत फिरा. पाणी बाहेरून कुठून शिरतं, कुठल्या वाटेने उतरतं, ओघळ कुठे सुरू होतो, हे कोरड्या रानात समजत नाही. आमच्याकडे सगळं पाणी पायवाटेवरून येत होतं. वरच्या डोंगराचं पाणी शेतात शिरत असेल, तर पहिली ओळ शेताच्या अगदी वरच्या हद्दीवर हवी. तीच जास्त मार खाणार असते, म्हणून तिथे बेणं सर्वांत दाट लावायचं.

उतार मोजा, अंतर काढा

दोन ओळींमध्ये किती अंतर ठेवायचं, ते उतारावर ठरतं. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप आणि मोजपट्टीच्या खुणा केलेल्या दोन काठ्या घ्या. एक काठी वर, दुसरी उताराच्या दिशेने बरोबर 10 मीटर खाली. पाण्याच्या पातळीत 80 सेंटिमीटरचा फरक आला, तर उतार 8 टक्के.

आता एका ओळीपासून दुसरी ओळ उभ्या मापाने किती खाली हवी ते ठरवायचं. सौम्य उतारावर 1 मीटर, मध्यम उतारावर दीड, चढ जास्त असेल तर 2 मीटर. या उंचीला 100ने गुणा आणि उताराच्या टक्क्याने भागा. 8 टक्के उतार आणि दीड मीटर उंची धरली, तर 150 भागिले 8, म्हणजे साधारण 19 मीटर. त्या अंतरावर ओळी आखल्या, तर एकरात 210 मीटरच्या आसपास ओळ लागते. बेणं 12 सेंटिमीटरवर लावायचं, म्हणजे सुमारे 1750 जागा. मर धरून 2000 जागांचं बेणं तयार ठेवा.

समपातळी रेषा

गवत कितीही चांगलं असलं, तरी ओळ समपातळीत नसेल तर पाणी ओळीच्या कडेने वाहत सखल टोकाला जातं आणि तिथेच नवा ओघळ पडतो. शेताची हद्द, रस्ता, जुना बांध यांच्याशी समांतर ओळ मारण्याचा मोह होतो, कारण ती दिसायला सरळ दिसते. तो मोह टाळायचा.

रेषा आखायला ए-फ्रेम पुरते. सात फुटी दोन सरळ काठ्या वरच्या टोकाला बांधा, पाय फाकवा आणि मध्ये कमरेच्या उंचीला एक आडवी काठी घट्ट बांधा. शेंड्यापासून दोरी सोडून तिला खाली दगड बांधा, दोरी आडव्या काठीवरून जाईल अशी. आता ही चौकट उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुणा करा आणि दोरी आडव्या काठीवर जिथे थांबते तिथे रेघ मारा. मग चौकट फिरवा, डावा पाय उजव्याच्या खुणेवर, उजवा डाव्याच्या. पुन्हा रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मधली खूण म्हणजे तुमची समपातळी. ही खूण खिळ्याने कोरून ठेवा, शाई पहिल्याच पावसात जाते.

शेताच्या एका कडेपासून सुरुवात करा. एक पाय जागेवर ठेवून दुसरा वर-खाली सरकवा. दोरी खुणेवर आली की तिथे खुंटी ठोका. मग पहिला पाय उचलून पुढे फिरवा. असं शेत ओलांडून दुसऱ्या कडेला जायचं. वारा असेल त्या दिवशी हे काम करू नका, दोरी स्थिर राहत नाही. सगळ्या खुंट्या झाल्या की मागे उभं राहून बघा. एखादा दगड किंवा खड्डा आडवा आला म्हणून एखादी खुंटी वेडीवाकडी गेलेली असते, तेवढी हाताने सरळ करा आणि फक्की मारून घ्या. रेषा सापासारखी वळेल. तशीच वळली पाहिजे.

शेजारच्या रानातही ओळ पुढे गेली तर फार बरं. पाण्याला सातबारा कळत नाही. आमच्या खालच्या अंगाचे भाऊजी तिसऱ्या वर्षी आपण होऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या खुंट्या आमच्या रानातून पुढे न्या." त्या वर्षापासून दोन्ही शेतांमधला ओघळ भरत आला आहे.

बेणं कुठलं आणि किती

वाळ्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. उत्तर भारतातला रानटी वाळा बियांनी पसरतो, तो शेतात नको. दक्षिण भारतातला प्रकार रुजणारं बी धरत नाही, ठोंब फोडूनच वाढवावा लागतो. लावला तिथेच राहतो, पिकात तण म्हणून शिरत नाही. बेणं घेताना रोपवाटिकेत हे स्पष्ट विचारून घ्या. आम्हाला एका ठिकाणी वाळा म्हणून दुसरंच गवत दिलं होतं. मूळ धुऊन हुंगून बघितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं. वाळ्याच्या मुळाला वास येतोच.

सगळं बेणं विकत घेऊ नका. थोडं आणा आणि स्वतः वाढवा. 2000 जागांना प्रत्येकी दोन-तीन फुटवे म्हणजे साधारण 5000 फुटवे लागतात. पाणी आणि शेणखत असलेल्या वाफ्यात एका रोपाला चार-पाच महिन्यांत पंधरा-वीस फुटवे सहज येतात. म्हणजे साडेतीनशे रोपं पुरतात. ती एक-एक फुटावर लावली तर जागा लागते गुंठ्याचा एक-तृतीयांश भाग. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत वाफा धरा, म्हणजे जूनअखेर बेणं तयार होतं. पानं दोन फुटांवर गेली की गुडघ्याखाली छाटत राहा, छाटल्याने फुटवे वाढतात. वाफा उघड्या उन्हात हवा. आंब्याच्या सावलीत धरलेला वाळा नुसता लांबतो.

लावणी

मृगात घाई करू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर तरी ओली झाली पाहिजे. आमच्याकडे आर्द्रा लागल्यावर लावणी होते. फार उशीरही नको, लावल्यानंतर पावसाचे दोन-अडीच महिने मिळाले पाहिजेत. माणदेशासारख्या कमी पावसाच्या भागात पहिल्या वर्षी हाताने पाणी घालायची तयारी ठेवा. एकदा मुळं खाली गेली की वाळा कोरड काढतो.

ठोंब कुदळीने उपटा आणि कुऱ्हाडीने फोडा, हाताने सुटत नाही. प्रत्येक बेण्यात दोन-तीन फुटवे ठेवा, मधला म्हातारा वाळलेला भाग टाकून द्या. वरची पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं चार बोटं ठेवून छाटा. मुळं शेणकाल्यात बुडवून ओल्या पोत्यात, सावलीत ठेवा. फोडलेलं बेणं शक्यतो त्याच दिवशी जमिनीत गेलं पाहिजे.

फक्कीच्या रेषेवर नांगराचा एक तास, म्हणजे एक सरी, मारा. तासात कुजलेलं शेणखत आणि थोडं डीएपी टाकलं तर फुटवे लवकर येतात. बेणं 10 ते 15 सेंटिमीटरवर लावायचं. मुळं तासात सरळ खाली जातील असं धरून माती ओढा आणि टाचेने घट्ट दाबा. मुळं वरच्या बाजूला दुमडली गेली की रोप महिनाभर हिरवं दिसतं आणि मग जातं. एकच ओळ पुरते. दोन विरळ ओळींपेक्षा एक दाट ओळ केव्हाही चांगली.

जुने बांध मोडायचे नाहीत. त्यांच्या माथ्यावर वरच्या कडेला वाळा लावा, आणि सांडव्याच्या दोन्ही कुशींना नक्की लावा. बांध तिथूनच फुटतो.

नांग्या भरणं, म्हणजे खरं काम

वाळा लावून पुढे बघितला नाही आणि "वाळ्याने काही होत नाही" असं ठरवलं, अशी रानं मी पाहिली आहेत. तिथे जाऊन ओळ बघितली की दर पाच-सहा हातांवर एक नांगी, म्हणजे रोप मेल्याने रिकामी राहिलेली जागा, असते. पाण्याला तेवढीच वाट पुरते. दोन्ही बाजूंचं दाट गवत पाणी त्या नांगीकडे ढकलतं आणि तिथे ते आधीपेक्षा जास्त जोराने उतरतं. नव्वद टक्के भरलेली ओळ नव्वद टक्के माती अडवत नाही. ती पाणी एका ठिकाणी गोळा करून देते.

आमच्या पहिल्या वर्षी असंच झालं. लावणीनंतर भात लावायच्या गडबडीत ओळींकडे बघायला कुणाला सवड मिळाली नाही. श्रावणात एक रात्रभर पाऊस झाला. सकाळी गेले तर मधल्या ओळीत मेलेल्या तीन रोपांच्या जागी फूटभर खोल चर पडला होता आणि त्याखालची नाचणी मुळासकट आडवी झाली होती. पण त्याच ओळीत दहा पावलांवर, जिथे रोपं लागून आली होती, तिथे मी खाली बसून बघितलं. ताटांना वरच्या बाजूने पालापाचोळा, काड्या, खडे अडकून छोटीशी गादी झाली होती, तिच्यामागे बोटभर मऊ, काळसर गाळ, आणि ताटांमधून पलीकडे उतरणारं पाणी चक्क निवळ होतं. एकाच ओळीने, एकाच पावसात दोन्ही दाखवलं.

तेव्हापासून आमचा नेम असा : लावल्यावर तीन आठवड्यांनी पहिली फेरी. मेलेलं रोप दिसलं की तिथेच नवं लावायचं. त्यासाठी वाफ्यात दहा टक्के बेणं राखून ठेवलेलं असतं. मोठ्या पावसानंतर दुसरी फेरी. पुढच्या जूनमध्ये तिसरी, आणि त्या वेळी नांगी मोठी असेल तर जुन्या ठोंबाचा मोठा गड्डा फोडून लावायचा; लहान रोपाला शेजारचे वाढलेले ठोंब सावलीत मारतात. ओघळ ओळीला छेदतो, तिथे नवी रोपं वाहून जातात. तिथे दगड किंवा मातीने भरलेली पोती खालच्या अंगाला लावून आधार द्या आणि मागे बेणं हाताला हात लावून दाट लावा.

पहिल्या वर्षी ओळीतलं तण काढावं लागतं. गुरं राखावी लागतात, कारण कोवळा वाळा गुरं खातात, आणि खाण्यापेक्षा उपटण्याने जास्त नुकसान होतं. जून झालेलं पान खरबरीत होतं, त्याला ती सहसा तोंड लावत नाहीत. मुरमाड रानात वाळवी लागली, तर ती बहुतेक वाळलेल्या, मेलेल्या भागात असते. तो भाग काढून टाकला की हिरवा ठोंब तग धरतो.

छाटणी आणि नांगरट

दुसऱ्या वर्षापासून वर्षातून दोनदा, पेरणीआधी आणि पावसाळा सरता सरता, गुडघ्याच्या खाली छाटा. बुंधा भरतो आणि पिकावर सावली पडत नाही. छाटलेली पानं ओळीच्या वरच्या बाजूला किंवा फळझाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका. ती लवकर कुजत नाहीत, हा इथे फायदाच आहे. घराच्या शाकारणीला, गोठ्यात खाली पसरायलाही चालतात. वणवा ओळीवरून गेला तरी घाबरू नका, बुंधा जमिनीत असतो, पाऊस पडला की फुटतो.

नांगरट, कुळवणी, पेरणी सगळं ओळीच्या बाजूने आडवं करा. वरून खाली मारलेला प्रत्येक तास पाण्याला पन्हाळ करून देतो. ओळीपासून हातभर जागा सोडा, नाहीतर नांगराचा फाळ दरवर्षी ठोंबाचा एक लचका तोडत जातो. ओळीलगतचं पहिलं पीक थोडं कमी येतं, हे खरं आहे आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षापासून वरच्या अंगाला साठलेल्या गाळात ते भरून निघालं.

वाळा नको असेल तर, आणि वाळा कुठे पुरत नाही

वैरणीसाठी गवत हवं, ही बहुतेकांची पहिली मागणी असते आणि ती रास्त आहे. सौम्य उतारावर मारवेल किंवा पवना बांधावर लावा, दोन्ही आपल्याकडची आणि गुरांच्या आवडीची गवतं आहेत. फक्त ती जमिनीलगत कापू नका, वीतभर खुंट राखा. गवती चहाही ओळीत बरा उभा राहतो. हत्ती गवत वैरण भरपूर देतं, पण उंच वाढतं आणि शेजारच्या पिकाचं अन्नपाणी घेतं. गिरिपुष्प हिरवळीच्या खतासाठी बांधावर जरूर लावा, पण वाळ्यापासून दूर, कारण सावलीत वाळा विरळ होतो.

मुळं विकण्याच्या नादाने ही ओळ लावू नका. तेलासाठी वाळा उपटायचा म्हणजे जमीन हात-दीड हात खणून काढायची. हैती हा वाळ्याच्या तेलाचा मोठा उत्पादक देश, आणि तिथे उतारावरची मुळं खणल्यामुळेच धूप वाढते. तेलाचा वाळा सपाट रानात वेगळा घ्या. बांधाच्या ओळीला कुदळ लावायची नाही.

आणि एक गोष्ट फार गांभीर्याने सांगते. माळीण, तळीये, इर्शाळवाडी इथे दरड कोसळून जे घडलं, ते गवताने थांबणारं नाही. वाळा वरची माती आणि वरवरची घसरण धरतो. डोंगराला भेग दिसली, विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, झाडं कलली, तर घर सोडून सुरक्षित जागी जायचं आणि तहसील कार्यालयाला कळवायचं. तिथे रोपं लावत बसायचं नाही.

यंदा सुरुवात करायची असेल, तर सगळं शेत एकदम घेऊ नका. वरच्या हद्दीची एकच ओळ घ्या. तिच्या वरच्या अंगाला लोखंडी सळईचा हातभर तुकडा जमिनीत ठोका, वीतभर वर राहील असा, आणि मातीच्या पातळीला रंगाची खूण करा. दिवाळीला त्या खुणेवर किती गाळ चढला ते पट्टीने मोजून वहीत लिहा, शेजारी त्या वर्षी किती नांग्या भरल्या तेही लिहा. आमच्या वहीत पहिल्या वर्षी दीड बोट आहे, दुसऱ्या वर्षी चार. पुढच्या जूनच्या लावणीसाठी वाफ्यातले शंभर ठोंब तेवढे राखून ठेवा.